विमानाचे नाक आणि क्षितिज : नवशिक्यांसाठी पहिले धडे

नाशिककरांना विमानाचे फारसे अप्रूप नाही. शहराजवळच्या ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला, तेथे मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय बांधली गेली, आणि नाशिकच्याच गांधीनगर भागात लष्कराच्या हेलिकॉप्टरांचे वैमानिक शिकतात. नाशिक रोडला वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाचे निम्मे बालपण मान वर करून आवाजाच्या दिशेने पाहण्यात गेले. चाळिशीत घरच्या संगणकावर सिम्युलेटर बसवून पहिल्यांदा विमान हवेत नेले, तेव्हा मात्र कळले की विमान खालून पाहणे आणि विमानातून बाहेर पाहणे या दोन गोष्टींत काहीही साम्य नाही. पहिले तीन आठवडे माझे विमान झोपाळ्यासारखे वर-खाली होत राहिले. नंतर प्रत्यक्ष विमानात काही धडे घेतले आणि हे असे का होत होते, ते उमगले. तो गोंधळ इतरांचा वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक आडवा आस कल्पिला, तर त्या आसाभोवती विमानाचे नाक वर किंवा खाली होते. या हालचालीला पिच म्हणतात. नाक क्षितिजाशी किती अंशांचा कोन करते, यावरून पिच मोजला जातो. व्याख्या एवढीच आहे. ती पाठ असूनही विमान सरळ जात नाही, कारण नाक कोठे रोखलेले आहे, विमान प्रत्यक्षात कोठे चालले आहे आणि हवा पंखाला कोणत्या कोनातून लागते आहे, हे तीन वेगळे प्रश्न असून नवशिका त्यांना एकच प्रश्न समजतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हे तीन प्रश्न वेगळे करण्यासाठी आहेत.

काय काय लागेल

संगणक आणि सिम्युलेटर हवा. फ्लाइटगिअर मोफत मिळतो. एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असेल तरी चालेल. साधी जॉयस्टिक हवी, कारण कीबोर्डवर नाकाची जागा राखणे शिकता येत नाही. की दाबली की विमान एकदम उसळते. विमान सेस्ना १७२ घ्या. ते जगभर शिकवण्याच्या कामी येते, त्याचे आकडे सहज मिळतात आणि या लेखातले आकडेही त्याच्याच १७२ एस या प्रकाराचे आहेत. याशिवाय एक वही, पुसता येणारा मार्कर आणि अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली जवळ ठेवा. बाटलीचे काम पहिल्याच पायरीत आहे.

पायरी १ : क्षितिज जमिनीवरच ओळखा

सिम्युलेटर सुरू करण्याआधी एका सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत जा आणि शहराकडे तोंड करून उभे राहा. समोर आकाश आणि जमीन मिळते ती रेषा म्हणजे क्षितिज, असे आपण शाळेपासून म्हणत आलो आहोत. परंतु नाशिकच्या बहुतेक दिशांना ती रेषा डोंगरांच्या माथ्यावरून गेलेली असते, आणि डोंगराचा माथा म्हणजे क्षितिज नव्हे.

आता बाटली डोळ्यांसमोर धरून हळूहळू वर-खाली करा. पाण्याच्या पृष्ठभागाची जवळची कड आणि पलीकडची कड एकमेकींवर येऊन जेव्हा एकच रेघ दिसते, तेव्हा तुमची नजर बरोबर आडवी असते. त्या रेघेच्या वर जे काही दिसते, ते तुमच्यापेक्षा उंच आहे. जे खाली दिसते, ते तुमच्यापेक्षा ठेंगणे. समोरच्या इमारतींच्या गच्च्या रेघेखाली राहतात आणि पलीकडचे डोंगर रेघेच्या वर डोके काढतात. हा नियम हवेतही तसाच लागू होतो : समोरच्या डोंगराचा माथा खऱ्या क्षितिजाच्या वर दिसत असेल, तर तो तुमच्यापेक्षा उंच आहे आणि तुम्ही आहे त्याच उंचीने गेलात तर त्याला धडकाल.

काटेकोर वाचकांसाठी एक पुरवणी जोडतो. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून दिसणारे क्षितिज या आडव्या रेघेच्या किंचित खाली असते. जमिनीपासून १,००० मीटर उंचीवर क्षितिज सुमारे ११३ किलोमीटर दूर असते आणि आडव्या रेघेपेक्षा जेमतेम १ अंश खाली दिसते. लहान विमानाच्या शिक्षणात हा फरक सोडून दिला तरी चालतो.

पायरी २ : आसन आणि नजर एकदाच ठरवा

माझे तीन आठवडे येथेच वाया गेले. सिम्युलेटरमध्ये डोळ्यांची उंची कमी-जास्त करता येते, आणि मी दर वेळी ती वेगळी ठेवत होतो. कधी यंत्रांचा फलक नीट दिसावा म्हणून कॅमेरा खाली, तर कधी धावपट्टी दिसावी म्हणून वर. त्यामुळे काल जी नाकाची जागा बरोबर होती, ती आज चुकीची ठरत होती, आणि मी दोष जॉयस्टिकला देत होतो.

डोळ्यांची उंची अशी ठेवा की यंत्रांच्या फलकाची वरची कड दिसेल आणि तिच्या पलीकडे इंजिनाच्या झाकणाचा थोडासा भागही दिसेल. ती जागा जपून ठेवा आणि पुन्हा बदलू नका. दृश्याचा कोन फार रुंद ठेवू नका, कारण त्याने क्षितिज लांब आणि सपाट भासते आणि २-३ अंशांचा बदल डोळ्यांना कळतच नाही. विमान मागून दाखवणारा बाहेरचा कॅमेरा तर शिकण्याच्या काळात बंदच ठेवा. तो चित्रे काढायला छान आहे.

येथेच जॉयस्टिकची दिशाही तपासा. दांडी स्वतःकडे ओढली की नाक वर गेले पाहिजे. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे बिजागरीवर बसवलेली जी फळी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. दांडी ओढली की ती वर उचलली जाते, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येते. मोबाइलवरच्या खेळांची सवय असलेल्यांनी अनेकदा ही दिशा उलटी करून ठेवलेली असते. ती सुलटी करून घ्या, नाहीतर खऱ्या विमानात पहिल्याच मिनिटाला हात चुकीचा जाईल.

पायरी ३ : चार बोटांचे चित्र

आपल्याकडे अंतर बोटांनी मोजायची रीत जुनी आहे, आणि वैमानिकही नेमके तेच करतात. हात पूर्ण लांब करून बोटे आडवी धरली, तर एक बोट सुमारे २ अंश झाकते, चार बोटे मिळून साधारण ७ ते ८ अंश आणि बंद मूठ सुमारे १० अंश. सेस्ना १७२ सरळ, एकाच उंचीवर, नेहमीच्या वेगाने जात असताना फलकाची वरची कड क्षितिजाच्या साधारण चार बोटे खाली असते. तुमची उंची आणि आसन यांनुसार कोणाला तीन बोटे दिसतील, कोणाला पाच. तुमचा आकडा एकदा मोजून वहीत लिहा.

सरावासाठी सिम्युलेटरमध्ये ओझरहून निघा आणि पूर्वेला, निफाडच्या बाजूला वळा. तेथे जमीन सपाट असल्याने क्षितिज स्वच्छ मिळते. समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांवर स्थिर व्हा, इंजिनाचे फेरे मिनिटाला २,३०० च्या आसपास ठेवा आणि पडद्यावर जेथे क्षितिज आहे, तेथे तुमच्या नाकाच्या अगदी समोर मार्करने एक लहान ठिपका काढा. आता फक्त तो ठिपका क्षितिजावर ठेवायचा आहे. उंची दाखवणाऱ्या घड्याळाकडे १० सेकंदांत एकदाच पाहायचे, तेही ठिपका बरोबर जागी आहे की नाही हे पडताळण्यापुरते.

हे पाच मिनिटे जमले नाही, तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. बहुतेकांना पहिल्या दिवशी जमत नाही. त्याचे कारण असे की चढ-उताराचा वेग दाखवणारा काटा प्रत्यक्षाच्या काही सेकंद मागे असतो. नवशिका त्या काट्याकडे पाहून दांडी ढकलतो, काटा लगेच हलत नाही म्हणून आणखी ढकलतो, आणि काटा हलतो तोपर्यंत नाक फार खाली गेलेले असते. मग तो ओढतो. माझा झोपाळा हाच होता. क्षितिज मात्र क्षणाचाही उशीर करत नाही.

एक प्रयोग जरूर करा. स्थिर विमानाचे नाक ५ अंश वर उचला आणि हात सोडून द्या. विमान चढेल, वेग कमी होईल, मग नाक आपोआप खाली येईल, वेग वाढेल, पुन्हा नाक वर जाईल. एक फेरा साधारण २० ते २५ सेकंदांचा असतो आणि प्रत्येक फेरा आधीपेक्षा लहान होत जाऊन विमान आपोआप शांत होते. विमानाला सरळ राहण्याची मुळातच ओढ असते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की हात आपोआप सैल पडतो.

पायरी ४ : तीन कोन वेगळे करा

ही पायरी घाईने वाचू नका.

पहिला कोन नाकाचा, म्हणजे पिच. तो क्षितिजावरून मोजतात. दुसरा कोन मार्गाचा, म्हणजे विमान प्रत्यक्षात किती अंश चढते किंवा उतरते आहे तो. तोही क्षितिजावरूनच मोजतात, पण तो डोळ्यांना सरळ दिसत नाही. तिसरा कोन पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यामधला. याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात आणि त्याचा क्षितिजाशी काहीही संबंध नसतो. पंख विमानाच्या अंगाला किंचित तिरपा बसवलेला असतो, तो फरक बाजूला ठेवला तर हिशेब सोपा आहे : नाकाचा कोन म्हणजे मार्गाचा कोन अधिक हवेचा कोन.

आकड्यांत पाहू. सेस्ना १७२ चढताना ७४ नॉट वेग ठेवते, असे धरा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर). म्हणजे मिनिटाला सुमारे ७,५०० फूट अंतर कापते. त्याच मिनिटात ती ७०० फूट चढली, तर मार्गाचा कोन सुमारे ५ अंश झाला. नाक मात्र क्षितिजाच्या ९-१० अंश वर दिसते. उरलेले ४-५ अंश हवेच्या कोनाचे. म्हणजे नाक जेथे रोखलेले आहे, तेथे विमान चाललेले नाही. ते त्याच्या बरेच खाली चालले आहे. तोंडी हिशेबासाठी एवढे लक्षात ठेवा की ६० नॉट वेगाला मार्गाचा एक अंश म्हणजे मिनिटाला सुमारे १०० फूट, आणि १२० नॉटला २०० फूट.

प्रवासी विमानात हेच अनुभवता येते. ओझरहून दिल्लीला जाताना विमान वरच्या उंचीवर सरळ चाललेले असते, तरी त्याचे नाक २-३ अंश वर असते, म्हणून मधल्या मार्गावरून पुढे जाताना किंचित चढ लागतो. उतरतानाही मोठ्या विमानाचे नाक बहुधा क्षितिजाच्या वरच असते. मार्ग मात्र ३ अंश खालचा असतो. नाक वर, मार्ग खाली, आणि सगळे काही व्यवस्थित.

हवेचा कोन वाढत जाऊन लहान विमानात साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला, की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख विमानाला धरून ठेवू शकत नाही. याला स्टॉल म्हणतात. नवशिक्याची समजूत अशी असते की स्टॉल म्हणजे नाक फार वर जाणे. ही समजूत घातक आहे, कारण नाक क्षितिजाच्या थोडेच वर असताना, क्षितिजावर असताना, किंबहुना क्षितिजाच्या खाली असतानाही स्टॉल होऊ शकतो. फक्त मार्ग नाकापेक्षा पुरेसा खाली असायला हवा. १ जून २००९ रोजी रिओ द जानिरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जणांचा मृत्यू झाला. शेवटच्या नोंदींत त्याचे नाक क्षितिजाच्या सुमारे १६ अंश वर होते, आणि विमान मिनिटाला जवळजवळ ११,००० फूट या वेगाने खाली येत होते. केवळ नाकाचा कोन पाहिला, तर ते चढणारे विमान वाटले असते.

सिम्युलेटरमध्ये ५,००० फुटांच्या वर जाऊन इंजिन पूर्ण कमी करा आणि उंची कायम ठेवण्यासाठी दांडी हळूहळू ओढत राहा. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली उतरवता येणाऱ्या फळ्या, न काढता वेग ४८ नॉटच्या आसपास आला की नाक झुकेल. सुटका करण्यासाठी दांडी पुढे सोडून नाक खाली घ्यायचे आणि मग इंजिन वाढवायचे. हात सहजप्रवृत्तीने ओढायलाच जाईल. तो जाणार नाही, इतक्या वेळा हा सराव करा.

पायरी ५ : आधी काय, मग काय

चढायचे असेल तर आधी इंजिनाची शक्ती वाढवा, मग नाक नव्या जागी आणा आणि ते तेथे स्थिरावले की ट्रिम लावा. चढून झाल्यावर सरळ व्हायचे असेल तर आधी नाक चार बोटांवर आणा, वेग वाढू द्या, मग शक्ती कमी करा आणि शेवटी ट्रिम. ट्रिम म्हणजे दांडीवरचा भार काढून घेणारे चाक. त्याने विमान वळवायचे किंवा चढवायचे नसते. हाताने नाक जागी धरून ठेवायचे आणि हातावरचा जोर नाहीसा होईपर्यंत चाक फिरवायचे. सिम्युलेटरच्या स्वस्त जॉयस्टिकमध्ये हा जोर जाणवत नाही, त्यामुळे दांडी हळूहळू मध्यावर आणत चाक फिरवावे लागते. ही सवय खऱ्या विमानात मोडावी लागते, एवढे ध्यानात असू द्या.

पायरी ६ : कृत्रिम क्षितिज वाचायला शिका

बाटलीतल्या पाण्याच्या रेघेने आपण क्षितिज शोधले. मग तीच बाटली विमानात का ठेवू नये? कारण नीट तोललेल्या वळणात पाणी जमिनीशी समांतर राहत नाही, ते विमानाच्या पंखांशी समांतर राहते. विमान ३० अंश कललेले असले तरी बाटली सांगेल की सगळे सरळ आहे. माणसाच्या कानातला तोल सांभाळणारा अवयवही असाच फसतो. ढगात शिरलेला वैमानिक केवळ अंगाच्या जाणिवेवर विसंबला, तर तो विमान सरळ आहे असे समजून वळत वळत खाली जातो.

यावरचा उपाय म्हणजे वेगाने फिरणारा जायरोस्कोप, जो आपल्या आसाची दिशा सोडत नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतल्या मिचेल फील्ड या विमानतळावर वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचे काहीही न पाहता, उड्डाण करून विमान परत उतरवले. त्यांच्या समोर स्पेरी यांच्या कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. आजही यंत्राचे तत्त्व तेच आहे. वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन, मधली पांढरी रेघ म्हणजे क्षितिज आणि काचेवर स्थिर असलेले नारिंगी किंवा पिवळे चिन्ह म्हणजे तुमचे विमान.

येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. त्याला वाटते की चिन्ह स्थिर आहे म्हणजे रेघ म्हणजेच विमान, आणि डावीकडे कलताना रेघ उजवीकडे झुकलेली पाहून तो उलट दिशेला दांडी देतो. यंत्र ही एक लहान खिडकी आहे असे समजा. खिडकीतून बाहेरचे क्षितिज जसे हलते, तशीच आतली रेघ हलते. जुन्या सोव्हिएत यंत्रांत कलताना चिन्हच कलत असे, आणि दोन्ही पद्धतींचे समर्थक आजही वाद घालू शकतात; आपल्याला सेस्नापुरते पाहायचे आहे.

पिचच्या खुणा मधल्या रेघेच्या वर-खाली साधारण ५ आणि १० अंशांवर असतात. दोन खुणांमधले अंतर काचेवर बोटाच्या नखाएवढेही नसते, त्यामुळे यंत्रावर १ अंशाची चूक दिसणे कठीण जाते, आणि बाहेर तीच चूक अर्ध्या बोटाची असते. म्हणून हवा स्वच्छ असेल तेव्हा बाहेर पाहावे. आणखी एक गोष्ट : हवेच्या झोतावर फिरणारा जायरोस्कोप इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांनी पूर्ण वेगात येतो, आणि विमान जोरात वेग घेत असताना यंत्र नाक प्रत्यक्षापेक्षा किंचित वर दाखवते. अंगालाही त्या वेळी तसेच वाटते, म्हणून रात्रीच्या उड्डाणात हा दुहेरी भास विशेष धोक्याचा असतो.

पायरी ७ : वळताना ठिपक्यावर लक्ष

वळणात पंखाच्या बळाचा काही भाग वळण्यात खर्च होतो, त्यामुळे उंची राखायला नाक थोडे वर धरावे लागते. याखेरीज एक भास होतो. तुम्ही डाव्या आसनावर बसलेले असता आणि इंजिनाचे झाकण तुमच्या उजवीकडे असते. डावीकडे कलले की ते झाकण क्षितिजाच्या वर आल्यासारखे दिसते आणि उजवीकडे कलले की खाली गेल्यासारखे. परिणामी डाव्या वळणात नवशिके उंची घालवतात आणि उजव्या वळणात चढतात. झाकणाच्या मध्याकडे न पाहता स्वतःच्या नाकासमोरच्या ठिपक्याकडे पाहिले, तर हा भास उरत नाही.

पायरी ८ : नाशिकचे डोंगर आणि नाशिकचा उन्हाळा

पूर्वेकडे चार बोटे पक्की झाली की मग पश्चिमेला, गंगापूर धरणावरून त्र्यंबकेश्वरच्या दिशेने जा. अंजनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच आहे. तुम्ही ३,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ९१५ मीटरवर असाल, तर १० किलोमीटर अंतरावरून तो माथा खऱ्या क्षितिजाच्या २ अंश वर दिसेल. माथ्यांची ओळ हेच क्षितिज समजून ठिपका तेथे ठेवलात, तर नाक २ अंश जास्त वर जाईल आणि ९० नॉट वेगाला विमान मिनिटाला ३०० फूट चढू लागेल, किंवा शक्ती तेवढीच असेल तर वेग गमावू लागेल. डोंगराळ भागात माथ्याकडे नव्हे, पायथ्याकडे लक्ष द्या, बाजूच्या खिडकीतून मोकळ्या दिशेचे क्षितिज पाहा आणि ते मनाने पुढे ओढून आणा. धुरकट दिवशी ढगाची तिरपी कडही अशीच फसवते.

उन्हाळ्याचे प्रकरण वेगळे आहे. ओझरची उंची सुमारे ६०० मीटर आहे. मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४० अंशांवर गेले, की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती ५,००० फुटांहून अधिक उंचीवरची हवा ठरते. इंजिनाची ताकद घटते आणि चढण्याचा मार्ग सपाट होतो. ७४ नॉट राखायचे असतील, तर नाक हिवाळ्यापेक्षा खाली ठेवावे लागते. हिवाळ्यात पाठ केलेले १० अंशांचे चित्र मे महिन्यात तसेच धरले, तर वेग हळूहळू उतरत जातो, आणि तो उतरतो आहे हे चित्रात दिसत नाही. सिम्युलेटरमध्ये तापमान एकदा १५ आणि एकदा ४० अंश ठेवून दोन्ही उड्डाणांचे नाकाचे कोन वहीत शेजारीशेजारी लिहा.

पायरी ९ : उतरताना धावपट्टी क्षितिजाच्या किती खाली

धावपट्टीवर जेथे टेकायचे ते ठिकाण क्षितिजाच्या जितके अंश खाली दिसते, तितक्याच अंशांच्या उताराने तुम्हाला तेथे जावे लागते. नेहमीचा उतार ३ अंशांचा, म्हणजे दीड बोटाचा. ठिकाण दीड बोटापेक्षा जास्त खाली असेल तर तुम्ही उंच आहात, कमी खाली असेल तर ठेंगणे. शिवाय ते ठिकाण काचेवर एकाच जागी राहिले पाहिजे; ते काचेवर खाली सरकू लागले तर तुम्ही त्याच्या पलीकडे जाणार, वर सरकू लागले तर अलीकडेच पडणार. अलीकडे पडतो आहोत असे दिसताच केवळ नाक वर ओढणे, ही सगळ्यांत जुनी चूक आहे. तिने वेग जातो आणि विमान आणखी अलीकडे पडते. शक्ती वाढवा, मग नाक.

पायरी १० : खऱ्या विमानाकडे जाण्यापूर्वी कागदपत्रे

विद्यार्थी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे असावे लागते आणि दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. दहावीचे प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, छायाचित्रे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांची फाइल आधीच तयार ठेवा. वैद्यकीय तपासणी सर्वांत आधी करून घ्या. डोळ्यांची किंवा कानांची अडचण असेल तर ती पैसे भरण्याआधी कळलेली बरी. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर बहुधा शेवटी. या क्रमातल्या फरकाने माझा अर्ज एकदा परत आला. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का, हे आधी पाहा.

पहिल्या धड्याच्या वेळी महिनोन्महिन्यांचा सिम्युलेटर माझ्या अंगात होता, त्यामुळे हवेत गेल्यावर माझी नजर यंत्रांवरून हलेना. प्रशिक्षकांनी दोनदा सांगितले, "बाहेर बघा." तिसऱ्यांदा त्यांनी काही न बोलता गुडघ्यावरचा नकाशा उचलून फलकावर आडवा टाकला. सगळी घड्याळे झाकली गेली. काही क्षण मी घाबरलो, मग खिशातला मार्कर काढून त्यांनी काचेवर माझ्या डोळ्यांसमोर ठिपका काढला आणि म्हणाले, "हा क्षितिजावर ठेवा, बाकी मी बघतो." दहा मिनिटांनी नकाशा उचलला, तेव्हा उंची ५० फुटांनी सुद्धा हललेली नव्हती.

तुम्हीही मार्कर सोबत न्या. आसन वर-खाली करून, लागल्यास खाली उशी घेऊन, डोळ्यांची उंची ठरवा आणि मगच ठिपका काढायला सांगा. उतरल्यावर तो स्वतः पुसून टाका. तुमच्यानंतर बसणाऱ्याची उंची वेगळी असते.